सल्ला हवा: हरणांसाठी वीस गुंठ्यांत चारा पेरायचा आहे

पाणंद

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही अमेरिकेतील नैऋत्य विस्कॉन्सिनमधील रिचलंड काउंटीत बावीस एकर जमीन घेतली. बहुतेक भाग उतारावरचे ओकचे रान आहे, पण घळीच्या तोंडाशी साधारण वीस गुंठ्यांचा सपाट तुकडा मोकळा असून त्यात सध्या गुडघाभर गवत माजले आहे. नोव्हेंबरमधील नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामात मी चार वर्षांपासून परवाना काढून शेजाऱ्यांबरोबर जातो आणि एका हरणाचे मांस आमच्या घराला हिवाळाभर पुरते. आता या तुकड्यात व्हाइटटेल हरणांसाठी चारा पेरावा, म्हणजे इथल्या भाषेत फूड प्लॉट करावा, असे मनात आहे. माझे आजोबा सोलापूरकडे काळविटांपासून ज्वारी राखण्यासाठी गोफण घेऊन माळ्यावर रात्र काढत असत. त्यामुळे हरणांसाठी पेरणी कशी करावी हे मला घरातून शिकायला मिळालेले नाही.

माझ्याकडे ट्रॅक्टर नाही. एक एटीव्ही (रानात चालणारी छोटी गाडी), पाठीवरचा फवारणी पंप आणि हाताने फिरवायचे बी फेकण्याचे यंत्र एवढेच आहे. ऑगस्टचा पहिला आठवडा चालू आहे. काय पेरावे आणि कधी? दुकानात हरणांचे चित्र असलेल्या तयार मिश्रणाच्या पिशव्या मिळतात, त्या घ्याव्यात का? आणि यातून हरणांचे खरोखर काही भले होते, की केवळ माझी सोय होते, हेही जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

शिवार

बियाण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि या आठवड्यात मातीचा नमुना द्या. तुकड्यात दहा-बारा ठिकाणी सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्या, बादलीत एकत्र करा आणि त्यातली दोन वाट्या माती प्रयोगशाळेत पाठवा. मी पहिल्या वर्षी हे केले नव्हते. सलगम आणि मुळ्याचे महागडे बी पेरले, पाऊसही वेळेवर झाला, तरी ऑक्टोबरमध्ये पाने बोटभर लांबीची आणि कडेने जांभळी पडलेली होती. नंतर तपासले तेव्हा सामू ५.४ निघाला. एवढ्या आंबट जमिनीत स्फुरद मातीत असूनही पिकाला मिळत नाही, आणि क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. क्लोव्हरला सामू ६.० ते ७.० लागतो. चुना टाकल्यावर त्याचा परिणाम पूर्ण दिसायला सहा महिने तरी लागतात, म्हणून पुढच्या वसंतातल्या पिकाचा चुना या शरदातच पडला पाहिजे. समजा, अहवालात एकरी दोन टन चुना सुचवला, तर तुमच्या अर्ध्या एकराला चाळीस पौंडांच्या पन्नास पिशव्या लागतील. एटीव्हीच्या मागे छोटी गाडी जोडून हे काम दोन दिवसांत होते.

तुमच्याकडची साधने पाहता मी या वर्षी फक्त विंटर राय हे तृणधान्य पेरीन आणि मार्चमध्ये त्यातच पांढरे क्लोव्हर टाकीन. क्रम असा ठेवा: ऑगस्टच्या मध्यावर गवत हिरवे आणि वाढीत असताना लेबलवरील प्रमाणात ग्लायफोसेट हे तणनाशक फवारा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, चांगल्या पावसाचा अंदाज असेल त्याच्या आदल्या दिवशी, उभ्या वाळलेल्या गवतातच राय फोकून द्या आणि मग ते गवत कापून बियांवर पाडा. वरचे आच्छादन ओल धरून ठेवते, आणि राय मातीत न गाडताही उगवते, हा तिचा मोठा गुण आहे. एकरी शंभर पौंड हे सर्वसाधारण प्रमाण आहे. तुम्हाला पन्नास पुरे, आणि फोकून पेरत असल्यामुळे हवे तर दहा पौंड जास्त धरा. ओट हरणांना रायपेक्षा गोड लागतो, पण कडक थंडीत तो मरतो. राय बर्फाखालीही तग धरते आणि वसंतात सर्वांत आधी हिरवी होते, नेमक्या त्या दिवसांत हरणांच्या अंगावर चरबी उरलेली नसते.

क्लोव्हरची पेरणी मला मनापासून आवडते. मार्चमध्ये रात्री जमीन गोठते आणि दुपारी सैल होते, तेव्हा पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. पहाटे, पायाखाली जमीन कडक असतानाच, बी फेकायचे. दुपारी माती सुटते तेव्हा मोहरीपेक्षाही लहान असलेला तो दाणा आपोआप भेगेत उतरतो. आपल्याकडे वाफसा पाहून पेरतात, तशी इथे ही गोठण पाहावी लागते. एकरी सहा ते आठ पौंड बी पुरते. मात्र बियाण्यावर आवरण असेल तर वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग त्या आवरणाचाच असतो, म्हणून प्रमाण तेवढे वाढवावे. आवरण नसेल तर हरभऱ्याला लावतो तसे रायझोबियम लावा, पण ते क्लोव्हरसाठीचेच हवे. सोयाबीनचे संवर्धक इथे काहीही उपयोगाचे नाही. मेअखेरीस राय ओंबीवर आली की ती उंचावरून कापा, म्हणजे खालच्या क्लोव्हरला ऊन मिळेल.

हिमवाट

मी कायदा आणि रोग या दोनच गोष्टींबद्दल लिहितो. रिचलंड, सॉक, आयोवा आणि डेन या काउंटी क्रॉनिक वेस्टिंग डिसीजचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या पट्ट्यात येतात. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग २००२ मध्ये डेन काउंटीतील माउंट होरेबजवळच्या हरणांमध्ये प्रथम आढळला. तो प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो. लाळ, मूत्र आणि विष्ठेतून पसरतो, मातीत वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्यावर लस वा उपचार नाही. म्हणूनच रोगग्रस्त काउंटींमध्ये मका, सफरचंद किंवा क्षारविटा टाकून हरणांना आमिष दाखवण्यास बंदी आहे. नेहमीच्या शेतीपद्धतीने पेरलेले आणि उभे ठेवलेले पीक आमिष ठरत नाही, पण दुसरीकडून आणलेले धान्य त्याच तुकड्यात टाकले की ते आमिष ठरते. दर हंगामापूर्वी डीएनआरची, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाची, त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचा, कारण बंदीची यादी काउंटीनिहाय बदलत असते.

हिवाळ्यात मक्याचा ढीग टाकणे हरणांच्याही जिवावर बेतते. थंडीत त्यांच्या कोठीपोटातले जिवाणू काड्या आणि कळ्या पचवण्यासाठी तयार झालेले असतात; अचानक भरपूर मका पोटात गेला तर आम्लता वाढून, पोट भरलेले असतानाच हरीण मरते. गाय धान्याच्या पोत्यात तोंड घालते तेव्हा जे होते तेच हे, फक्त रानात पशुवैद्य नसतो.

शिकार झाल्यावर प्रत्येक हरणाची तपासणी करा. डीएनआरची नमुना केंद्रे हे काम विनामूल्य करतात. मानेचा काही इंच भाग ठेवून डोके तिथे द्यावे लागते. निकाल येईपर्यंत प्रत्येक हरणाचे मांस वेगळे गोठवून त्यावर क्रमांक लिहा. माणसाला हा रोग झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरी बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये असे सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सांगते, आणि शिजवल्याने प्रिऑन नष्ट होत नाहीत.

देवराई

माझे मत थोडे वेगळे आहे. बावीस एकरांत वीस गुंठे पेरल्याने हरणे दिसतील, पण त्यांचे पोट बाकीच्या साडेएकवीस एकरांवर चालते. तुमचे ओक पांढरे असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांची फळे गळू लागताच हरणे क्लोव्हरकडे पाठ फिरवतील. आधी वनपालाला जमीन दाखवा. ओकच्या डोक्यावर सावली धरणारे मेपल हिवाळ्यात काढले, तर ओकच्या फांद्या रुंदावतात, जमिनीपर्यंत ऊन पोहोचते, आणि कापलेल्या खोडांतून फुटणारे धुमारे हरणांच्या तोंडाच्या उंचीवर येतात. एकेकाळी वन्यजीवांसाठी म्हणून हौसेने लावलेले ऑटम ऑलिव्ह हे झुडूप आता जागोजागी रान गिळत आहे. कोणी त्याची रोपे देऊ केली तरी घेऊ नका.

दुसरे असे की, हरणांचे भले करायचे असेल तर माद्याही मारल्या पाहिजेत. प्रौढ मादीला बहुधा जुळी पाडसे होतात. फक्त शिंगवाल्या नरांची वाट पाहत चारा वाढवत राहिलात, तर काही वर्षांत ओकचे एकही नवे रोप गुडघ्याच्या वर जाणार नाही.

पाणंद

सर्वांचे मनापासून आभार. मातीचा नमुना काल पाठवला. दोन शंका उरल्या आहेत. दुकानातल्या तयार मिश्रणाच्या पिशवीवर रायग्रास लिहिले आहे, ती विंटर रायच आहे का? आणि मचाण कुठे बांधावे?

शिवार

नाही, आणि ही गफलत फार जणांची होते. विंटर राय हे गव्हासारखे तृणधान्य आहे, तर रायग्रास हे कुरणातले गवत आहे. हरणे ते फारसे खात नाहीत, आणि एकदा शिरले की क्लोव्हरमधून काढता काढता जीव जातो. पिशवीची मागची बाजू वाचा. चित्र पाहून घेऊ नका.

नोव्हेंबरमध्ये तिकडे वारा बहुतेक वेळा वायव्येकडून येतो, म्हणून मचाण तुकड्याच्या आग्नेय कडेला ठेवा, म्हणजे तुमचा वास हरणांपासून दूर जाईल. मात्र घळीत संध्याकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, तेव्हा निर्णय घेण्याआधी चार-पाच संध्याकाळी तिथे उभे राहून रुईच्या म्हाताऱ्या सोडतात तसे मिल्कवीडचे तंतू सोडून पाहा. मचाणाकडे जाता-येता हरणे हुसकली जात असतील तर ती जागा कितीही चांगली दिसली तरी सोडा.

पेरणीच्या दिवशीच तुकड्याच्या मधोमध तारेच्या जाळीचा चार फूट रुंद, कमरेइतका उंच गोल पिंजरा उभा करा आणि खुंट्या ठोकून पक्का करा. माझ्याकडे दुसऱ्या वर्षी पिंजऱ्यात राय पोटरीपर्यंत होती आणि बाहेर दोन बोटे. त्याआधी बी उगवलेच नाही असे समजून मी पुन्हा पेरणीच्या तयारीत होतो. हरणांनी खाल्ले की उगवले नाही, हा फरक पिंजऱ्याशिवाय कळत नाही. देवराई यांनी माद्यांबद्दल लिहिले आहे त्याचा हिशेबही तिथेच लागतो: पिंजऱ्याबाहेर ऑक्टोबरमध्येच जमीन उघडी पडली असेल, तर त्या वर्षी मादीचा परवाना अवश्य वापरा.

पाणंद

अहवाल आला: सामू ५.८, पालाश पुरेसे, स्फुरद कमी. चुन्याच्या पिशव्या सांगून ठेवल्या आहेत, तयार मिश्रण दुकानात परत केले आणि पन्नासऐवजी साठ पौंड राय आणली. वनपाल ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेपलवर खुणा करायला येणार आहेत. रविवारी पावसाचा अंदाज आहे, त्यामुळे शनिवारी दुपारी पेरतो. पिंजऱ्याची जाळी कापून ठेवली आहे.