प्रतिसाद: फुटाळ्यावर संध्याकाळचे फोटो काळे का आले?

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर सूर्य बुडाल्यावर फ्लॅश मारूनही मागचा तलाव काळाच आला, असं तुम्ही लिहिलंय. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. छोट्या कॉम्पॅक्टचा, म्हणजे खिशात मावणाऱ्या फिल्म कॅमेऱ्याचा फ्लॅश १०० आयएसओ (फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता; आकडा मोठा तितकी जास्त) फिल्मवर साधारण तीन-चार मीटर पोचतो. ४०० आयएसओची फिल्म भरली तर ही पोच दुप्पट होते, पण अख्खा तलाव कुठलाच फ्लॅश उजळू शकत नाही. अशा वेळी फ्लॅश बंद करा आणि कॅमेरा कठड्यावर टेकवून फोटो घ्या, कारण शटर बराच वेळ उघडं राहतं. ऑलिंपस म्यू-२ हा कॉम्पॅक्ट असेल तर लेन्सवरचं झाकण बंद करून उघडलं की फ्लॅश परत ऑटोवर येतो, म्हणून दरवेळी बघून घ्यायचं.

आपल्या नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी मात्र हे कॅमेरे मला फार आवडतात. गर्दीत खिशातून काढला की लगेच तयार! चेहरा फ्रेमच्या कडेला हवा असेल तर आधी तो मधोमध धरून बटण अर्धं दाबा, फोकस धरला की मग कॅमेरा सरकवा. नाहीतर मागची भिंत स्पष्ट येते आणि माणूस धूसर.

आणि कृपा करून, मे महिन्यात फिल्म गाडीत ठेवू नका. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, बंद गाडीत तर त्याहून जास्त, आणि रंग बिघडतात. रोल फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर तासभर डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं.