मदत हवी आहे: १० बाय १२च्या खोलीतली लाकडाची बारीक धूळ

पटाशी
घरामागे १० बाय १२ फुटांची, ९ फूट उंच खोली आहे. एक दार, एक खिडकी. १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर येणारं गोल पातं), १२५ मिमी ऑर्बिटल सँडर (घासायचं यंत्र) आणि राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र). काम बहुतेक एमडीएफ (लाकडाच्या भुकटीचा दाबलेला बोर्ड) आणि सागाचं. १४०० वॅटचा वॅक्युम आणि १ एचपीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर आहे. जाड भुसा नीट गोळा होतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर असतो. मोठा कलेक्टर घ्यावा की छताला टांगायचा एअर फिल्टर? बजेट दहा हजारांच्या आत.

सागवानी
आधी काहीच घेऊ नका. तो थर बहुधा तुमचा कलेक्टरच पसरवतोय. स्वस्त कलेक्टरबरोबर येणारी कापडी पिशवी ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासची असते. भुसा अडतो, पण १० मायक्रॉनच्या खालचा बराचसा माल विणीतून खोलीभर जातो. रात्री दिवे घालवा, कलेक्टर चालू करून पिशवीला एक थाप मारा आणि बाजूने टॉर्च धरा. झोतात धुरासारखं जे तरंगेल तेच सकाळी टेबलावर बसलेलं असतं.

जागा असेल तर अख्खा कलेक्टर बाहेर पत्र्याखाली न्या आणि भिंतीतून फक्त पाईप आत घ्या. मग पिशवी कसलीही चालते. मात्र बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, त्यामुळे खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ओढच मंदावते. शेजारी कुरकुरणार असतील तर १ मायक्रॉनची फेल्ट पिशवी शिवून घ्या, मूळ पिशवीपेक्षा मोठी. बारीक कापडातून हवा जायला क्षेत्रफळ जास्त लागतं. पावसाळ्यात दमट पिशवीवर भुकटीचा लगदा बसतो, तेव्हा काम संपल्यावर ती झटका. अर्थात बाहेर नेऊन.

पटाशी
कलेक्टर बाहेर नेता येईल. सँडरपण त्यालाच जोडू का?

सागवानी
नको. कलेक्टर भरपूर हवा ओढतो पण दाब कमी, वॅक्युमचं उलट. कलेक्टरचा ४ इंची पाईप ३५ मिमीवर आणलात की त्याचा जीव जातो. तसंच वॅक्युम टेबल सॉच्या ४ इंची तोंडाला लावला तर हवा इतकी हळू चालते की भुसा पाईपमध्येच बसतो. ४ इंची पाईपमध्ये मिनिटाला ४,००० फूट वेग हवा, म्हणजे साधारण ३५० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). १ एचपी यंत्रातून तेवढं मिळवायचं तर पाईप आखूड ठेवा आणि लवचिक होज जेमतेम दीड-दोन फूट. होजच्या वळ्या हवा खातात.

टेबल सॉला खालून ओढणं पुरत नाही. बारीक धूळ पात्याच्या दातांबरोबर वर येऊन तुमच्याकडेच उडते, म्हणून पात्यावरच्या गार्डलाही वेगळी नळी हवी. ती वॅक्युमला द्या.

रंधा_नंबर_५
सँडरबद्दल थोडं. डिस्कची भोकं पॅडच्या भोकांवर तंतोतंत बसवा. एक भोक सरकलं तरी धूळ कडेने फेकली जाते. शक्यतो जाळीची डिस्क वापरा, तिला भोकं जुळवावी लागत नाहीत. तिच्याखाली पातळ पॅड सेव्हर (पॅड वाचवणारी चकती) लावा, नाहीतर पॅडचे हुक झिजतात. सँडरचं तोंड आणि होजचं माप जुळत नसेल तर सायकलच्या ट्यूबचा चार इंची तुकडा चढवून दोन होज क्लिपा आवळा. विकतच्या अडॅप्टरपेक्षा हे बरं, कारण रबर हलतं पण गळत नाही. ओढ जास्त होऊन सँडर लाकडाला चिकटत असेल तर होजवरची हवेची खिडकी थोडी उघडा.

वॅक्युममध्ये आधी फ्लीसची (न विणलेल्या कापडाची) पिशवी, मग हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा). नुसत्या हेपावर एमडीएफची पिठी सोडलीत तर थोड्याच वेळात ओढ संपते, आणि फिल्टर आपटून साफ केला की तीच पिठी तुमच्या नाकात. मध्ये सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणारा शंकू) लावलात तर उत्तमच. रंगाच्या २० लिटर बादलीवर बसतो, पण होज तुंबली की बादली आत चेपते, म्हणून दोन बादल्या एकात एक घाला. झाकणाची सील उदबत्तीच्या धुराने तपासा. तिथे केसाएवढी फट असली तरी खाली पडलेली धूळ पुन्हा वर उचलली जाते. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा.

पटाशी
मग एअर फिल्टर लागतो का? माझा पीएम २.५ मीटर (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण मोजणारा) काम चालू असताना फार वर जात नाही.

सागवानी
मीटरवर विसंबू नका. असे लेझर मीटर २.५ मायक्रॉनच्या वरचे कण नीट मोजत नाहीत, आणि घासकामाची वजनाने बरीचशी धूळ त्याच्या वरच असते. आधी-नंतरची तुलना करायला ठीक.

फिल्टर लागतो, पण शेवटी. तुमची खोली १,०८० घनफूट. तासाला ८ वेळा हवा फिरवायची तर १४४ सीएफएम, म्हणजे ताशी सुमारे २५० घनमीटर. ३०० मिमीचा एक्झॉस्ट फॅन आणि एसी प्लांटवाल्यांकडे मिळणारे एफ ७ दर्जाचे (बारीक धूळ अडवणारे) दोन प्लीटेड म्हणजे घड्यांचे फिल्टर घेऊन प्लायची पेटी करा. फॅनच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, फिल्टरमागे निम्माही धरू नका. ताशी ८०० घनमीटरच्या खालचा फॅन नको. फिल्टर ओढीच्या बाजूला, बाहेरून धुता येणारं कापड. काम थांबल्यावर तासभर चालू ठेवा.

रंधा_नंबर_५
आणि मास्क. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ गट १ मध्ये टाकली आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी २ दर्जाचा मास्क घ्या, डोक्यामागून पट्टे असलेला. कानाला अडकवायचे गालापाशी उघडे पडतात, दाढी असली तर कुठलाच नीट बसत नाही. यंत्र बंद केल्याबरोबर मास्क काढू नका, तेव्हाच हवेत सगळ्यात जास्त धूळ असते. झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा दोन्ही बंद, ओलं फडकं किंवा वॅक्युम.

पटाशी
११० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाईप चालेल ना? कलेक्टरचं तोंड १०० मिमी आहे.

सागवानी
चालेल. जोडावर रबरी स्लीव्ह लागेल. ९० अंशाचा एल्बो टाळून ४५चे दोन लावा, फाटा वाय आकाराचा घ्या, आणि पाईपचं सॉकेट हवा येते त्या बाजूला ठेवा, म्हणजे ढलप्या कडेला अडकत नाहीत. पाईपवरून उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला द्या, थंडीत कोरड्या हवेत स्थिर विजेचे चांगलेच झटके बसतात.