मदत हवी आहे: फिट्सचा त्रास असताना मालवणला स्कूबा, स्नॉर्कलिंग चालतं का?

रानजाई
शुक्रवारी निघायचंय म्हणून घाईत लिहितेय. आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं ठाण्याहून तारकर्लीला चाललोय. धाकट्या भावाला फिट्सचा त्रास आहे, पण गोळ्या नियमित चालू आहेत आणि एरवी तो ठणठणीत आहे. स्कूबा आणि स्नॉर्कलिंग दोन्हीचं बुकिंग झालंय, पैसेही भरलेत. आता आई म्हणते त्याला पाण्यात सोडायचं नाही, आणि तो चिडून खोलीत बसलाय. ज्यांना माहीत आहे त्यांनी हो की नाही एवढंच सांगा प्लीज.

सागरगोटा
शेवटची फिट कधी आली होती? जागेपणी की झोपेत? वय काय? पोहता येतं का? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

भटकी_जमात
आईला समजवा. आम्ही हॅवलॉकला स्कूबा केलं तेव्हा माझ्या नवऱ्याला दमा होता, काही झालं नाही. पंधरा-वीस मिनिटांचा तर खेळ, इन्स्ट्रक्टर हात सोडत नाही. होडीत मळमळतं तेवढं बघा, अवोमिन घेऊन जा.

रानजाई
वय २४. पोहता येतं, सोसायटीच्या तलावात शिकलाय. फिट बऱ्याच दिवसांत नाही.

सागरगोटा
बऱ्याच दिवसांत म्हणजे?

कृष्णाकाठ
@भटकी_जमात, दमा आणि फिट्स यांची तुलना करू नका. आणि अवोमिन तर अजिबात सुचवू नका. त्यात प्रोमेथाझिन असतं, त्याने फिट येण्याची शक्यता वाढू शकते. मळमळीवर काय घ्यायचं ते त्याच्याच डॉक्टरांना विचारायचं.

रानजाई, मला स्वतःला कॉलेजपासून अपस्मार, म्हणजे फिट्सचाच आजार, आहे, म्हणून मनापासून सांगतो. स्कूबाला सरळ नाही. जमिनीवर फिट आली तर माणूस पडतो, लागतं, थोड्या वेळाने उठून बसतो. पाण्याखाली तीच फिट जिवावर बेतते. तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारा, दातांत धरायचा भाग) निसटला की पुढचा श्वास पाण्याचा. फिटच्या सुरुवातीला अंग ताठ होतं तेव्हा स्वरयंत्र मिटू शकतं, म्हणजे हवा आतच कोंडते. अशा वेळी इन्स्ट्रक्टरने घाबरून वर आणलं तर ती कोंडलेली हवा फुगत जाते. पाच मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत ती दीडपट होते. फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात आणि तिथून मेंदूत जाऊ शकतात. वर आणावं तर हे, खाली थांबावं तर बुडण्याची भीती. हात धरलेला असूनही इन्स्ट्रक्टर काय करणार?

चिवल्याचो_झील
मी मालवणचाच, होडीवर काम केलंय. स्कूबाच्या आधी फॉर्म भरून घेतात, त्यात फिट्सचा प्रश्न असतो. तिथे खरं लिहा.

रानजाई
बुकिंग करताना फोनवर मी फिट्सचं सांगितलं होतं. समोरचा म्हणाला, फॉर्मवर 'नाही' लिहा, सगळेच लिहितात, काही होत नाही.

कृष्णाकाठ
असं सांगणाऱ्याकडे कुणालाच घेऊन जाऊ नका, भाऊ असो वा नसो. ज्याच्या हातात तुमचा श्वास आहे त्याला खरं माहीत नको?

थेम्सकाठची_मराठी
इथे ब्रिटनमध्ये सरसकट बंदी नाही. पाच वर्षं एकही फिट नाही आणि गोळ्याही पूर्ण बंद, असं असेल तर डायव्हिंगच्या डॉक्टरांकडून परवानगी मिळू शकते. फिट्स फक्त झोपेत येत असतील तर तीन वर्षं. माझ्या दिराला अशीच मिळाली. म्हणून 'कधीच नाही' म्हणू नये, मुलाचा धीर खचतो.

कृष्णाकाठ
ताई, तो नियम गोळ्या बंद झालेल्यांसाठी आहे. याच्या गोळ्या चालू आहेत. आणि परवानगी मिळावी म्हणून कुणी मनाने गोळ्या बंद करू नयेत, तो सगळ्यात मोठा धोका.

अभियंता_अण्णा
मूळ कारण ऑक्सिजन आहे. दाबाखाली ऑक्सिजन विषारी होतो आणि चांगल्या माणसालाही फिट येते. त्यामुळे तारकर्लीला सगळ्यांनीच जपून.

सागरगोटा
अण्णा, ते इथे लागू नाही. साध्या हवेवर ऑक्सिजनचा दाब १.४ बारपर्यंत, म्हणजे डायव्हिंगमध्ये मानतात त्या सुरक्षित मर्यादेपर्यंत, जायला सुमारे ५६ मीटर खोल जावं लागतं. पर्यटकांना तिथे काही मीटरच नेतात. धाग्याचा प्रश्न वेगळा आहे.

जोशीकाका_वाई
सोबत कांदा ठेवा. फिट आली की कांदा हुंगवायचा, नाहीतर चामड्याची चप्पल. आमच्या गावी सगळे हेच करत.

कृष्णाकाठ
काका, आदर ठेवून सांगतो, कांद्याने फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून कांद्याला श्रेय जातं. त्या वेळात माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांच्या पुढे गेली तर हॉस्पिटल गाठायचं.

माहेरवाशीण
अवांतर: भावाच्या लग्नाचं बघताय का? लपवू नका. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढून टाकलाय, तरी सांगूनच करावं.

रानजाई
लग्नाचा विषयच नाही हो! शेवटची फिट गेल्या दिवाळीत, पहाटे. आदल्या रात्री पत्ते खेळत जागलो होतो सगळे, आणि रात्रीची गोळी राहिली होती. लेव्हेटिरासेटाम ५००, दोन वेळा. स्कूबा नाही, हे कळलं. स्नॉर्कलिंगचं सांगा, ते तर वरच असतं आणि जॅकेट असतं.

सागरगोटा
म्हणजे वर्षही झालेलं नाही. आणि झोप, गोळी दोन्ही चुकल्यावर आली. हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. अपस्मार असलेल्यांमध्ये बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या १५ ते १९ पट आढळलंय. त्यात घरचा टब आणि तलावही आले.

कृष्णाकाठ
स्नॉर्कलिंगची खरी अडचण वेगळीच आहे. स्नॉर्कलिंग करणारा तसाही तोंड पाण्यात घालून निश्चल तरंगत असतो. फिट आली तरी लांबून कुणाला कळत नाही, सगळ्यांना वाटतं मासे बघतोय. जॅकेट तरंगत ठेवतं, पण साधं जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणा करतंच असं नाही.

मी पाण्यात जातो ते डॉक्टरांनी हो म्हटल्यानंतर, आणि छातीइतक्या पाण्यातच. पट्टीचा पोहणारा एक माणूस हाताच्या अंतरावर असतो. तो स्वतः मासे बघत नाही, माझ्याकडे बघतो. फिट आली तर काय करायचं ते त्याला ठाऊक आहे: चेहरा वर, डोकं पाण्याबाहेर, झटके अडवायचे नाहीत, थांबले की बाहेर काढायचं, श्वास बघायचा. नंतर माणूस बरा दिसला तरी हॉस्पिटल, कारण फुप्फुसात पाणी गेलेलं असू शकतं. एवढी तयारी नसेल तर मी काठावर बसतो.

थेम्सकाठची_मराठी
यात एक भर. चमकत्या प्रकाशाने फिट येणारे थोडे असतात, त्यांना पाण्यावरची उन्हाची लकलक त्रास देऊ शकते. पोलराइज्ड गॉगल बरा. भावाचं तसं आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

भटकी_जमात
अवोमिनचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाताय का? मग झोपेचं काय?

रानजाई
हो, रात्रीची बस आहे. पोहोचल्यावर नाश्ता करून लगेच नऊ वाजता होडी.

चिवल्याचो_झील
म्हणजे न झोपलेला मुलगा सकाळी थेट पाण्यात. तसं करू नका. दिवसाची मांडवी एक्सप्रेस धरा, ठाण्याला थांबते, संध्याकाळी कुडाळला उतरा. रात्री नीट झोप. गोळ्या हातातल्या पिशवीत, दोन ठिकाणी विभागून.

आणि त्याला नुसतं होडीत बसवून ठेवू नका, वाईट वाटतं. मालवणच्या रॉक गार्डनला पूर्ण ओहोटीच्या वेळी न्या. खडकांतल्या डबक्यांमध्ये प्रवाळ, खेकडे, छोटे मासे वरूनच दिसतात. खडक निसरडे असतात, बरोबर रहा. कर्ली नदीत होडीही करता येईल, जॅकेट घालून.

जोशीकाका_वाई
मांडवीतलं जेवण चांगलं असतं.

रानजाई
मांडवीचं आरक्षण बघतेय, शुक्रवारचं वेटिंग दाखवतंय. दोघांची तिकिटं गुरुवारची मिळतायत, मी त्याच्याबरोबर आधी निघेन. बुधवारी त्याच्या डॉक्टरांचा फोन-सल्ला घेतलाय, स्नॉर्कलिंग आणि मळमळीची गोळी दोन्ही विचारते. स्कूबाचे त्याचे पैसे परत मागितलेत, अजून उत्तर नाही. तिथे कुणी पट्टीचा पोहणारा, फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायला मिळेल का?

चिवल्याचो_झील
मिळेल. डॉक्टर हो म्हणाले तर व्यनि (खाजगी निरोप) करा, आमच्या वाडीतल्या एकाला विचारतो. नाही म्हणाले तरी करा, ओहोटीची वेळ सांगतो.