मदत हवी आहे: गोळी सुरू केल्यावर वडिलांचं क्रिएटिनिन वाढलं, घरचे हळदीचं कॅप्सूल द्या म्हणताहेत (सांगली)

कृष्णाकाठची

नमस्कार. वडिलांसाठी सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे, कारण घरात रोज यावरून वाद चाललाय. मी सांगलीत असते, अण्णा आणि आई तासगाव तालुक्यात गावी. द्राक्षबाग अजून अण्णाच बघतात.

अण्णांचं वय 64. शुगर नाही. बीपी बऱ्याच वर्षांपासून. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खायची सवय, छाटणीच्या दिवसांत तर रोज एक. उन्हाळ्यात पाय सुजले म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा हे सगळं कळलं. क्रिएटिनिन (किडनी कमी गाळते तेव्हा रक्तात वाढतं ते) 1.9, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) 39, पोटॅशियम 5.1 आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रथिन किती गळतंय ते) 620. मिरजेला किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी किडनीच्या आजाराची स्टेज 3बी सांगितली, डायक्लोफिनॅक किडनीला वाईट म्हणून पूर्ण बंद केलं, बीपीचं टेल्मिसार्टन चालू ठेवलं आणि डापाग्लिफ्लोझिन 10 रोज सकाळी एक अशी नवी गोळी दिली.

महिन्याभराने रक्त तपासलं तर क्रिएटिनिन 2.1, ईजीएफआर 35. वर लघवीच्या रिपोर्टमध्ये शुगर प्लस प्लस. आईचा धीरच सुटला. आधी शुगर नव्हती, गोळीने शुगरही आली आणि किडनीही बिघडली, असं तिचं म्हणणं. गावातला मेडिकलवाला म्हणाला, "ही तर शुगरची गोळी आहे, अण्णांना कशाला दिली?" तेव्हापासून अण्णांचा गोळीवरचा विश्वास उडालाय. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. फोन केला तर डॉक्टर लाईनवर मिळाले नाहीत, गोळी चालू ठेवा एवढाच निरोप मिळाला.

दरम्यान आत्यांनी हळदीच्या कॅप्सूलचा डबा आणि नोनी ज्यूसची बाटली आणून दिली. डब्यावर लिहिलंय: 95 टक्के कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक), सोबत काळ्या मिरीचा अर्क. चुलत्यांनी व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवली, हळदीने किडनीच्या पेशी पुन्हा तयार होतात हे म्हणे संशोधनाने सिद्ध झालंय. अण्णांचं म्हणणं सरळ आहे: "हळद आपल्या मातीतली. सांगलीच्या माणसाला हळदीनं कधी काय झालंय का?" यावर मला उत्तर देता येत नाही. मी शिक्षिका आहे, विज्ञान शिकवते, पण उंदरावरचा प्रयोग आणि माणसावरचा प्रयोग यातला फरक वडिलांना कसा समजावायचा हे कळत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. आकडा वाढलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

तर शुगर नसलेल्या माणसाला ही गोळी खरंच किडनीसाठी देतात का, 1.9 चं 2.1 होणं कितपत काळजीचं आहे, आणि हळदीच्या कॅप्सूलबद्दल माणसांवर काही अभ्यास झालाय का, एवढं कुणी नीट सांगाल का? डॉक्टरांना काय विचारावं तेही सांगा.

औषधवाला_कराड

ताई, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण ही गोळी रोज हातातून जाते म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी बंद करू नका.

लघवीत शुगर येणं हेच त्या गोळीचं काम आहे. रक्तातली साखर किडनीत गाळली जाते आणि पुढे एसजीएलटी-2 नावाचं प्रथिन ती जवळपास सगळी परत रक्तात ओढून घेतं. गोळी ते प्रथिन अडवते, म्हणून थोडी साखर लघवीतून बाहेर जाते. याला मधुमेह म्हणत नाहीत. अण्णांच्या रक्तातली शुगर बघा, ती नॉर्मल असेल तर आईंना निर्धास्त करा.

आता क्रिएटिनिन. साखरेबरोबर मीठही परत ओढलं जात असतं, ते अडलं की मीठ नळीत पुढे जातं. त्यावरून किडनीला कळतं की गाळणीवर रक्ताचा दाब जास्त पडतोय, आणि ती आत येणारी रक्तवाहिनी थोडी आवळते. तुमची बाग आहे म्हणून ठिबकचं उदाहरण देतो: मोटारीचं प्रेशर जास्त असलं की त्या दिवशी पाणी भरपूर पडतं, पण हळूहळू नळ्यांचे जोड सुटायला लागतात. प्रेशर उतरवलं की पाणी थोडं कमी पडतं, पण नळ्या टिकतात. सुरुवातीला ईजीएफआर तीन-चार-पाचने उतरतो तो असा. तुमच्याकडे 39 चा 35 झालाय, म्हणजे साधारण दहा टक्के. किडनीच्या डॉक्टरांच्या जागतिक मार्गदर्शक सूचना 2024 मध्ये नव्याने आल्या. त्यात स्पष्ट आहे की सुरुवातीची अशी घट हे सहसा गोळी थांबवायचं कारण नाही. तीस टक्क्यांच्या वर घसरण झाली तर डॉक्टर दुसरं कारण शोधतात: अंगातलं पाणी कमी झालंय का, पुन्हा पेनकिलर चालू आहे का.

आणि हो, शुगर नसलेल्यांनाही देतात. 2020 मध्ये डापा-सीकेडी नावाचा मोठा अभ्यास आला. 4304 रुग्ण, त्यात भारतातलेही होते, आणि जवळपास एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता. निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. किडनी निम्म्याहून जास्त ढासळणं, डायलिसिसपर्यंत जाणं, किडनी किंवा हृदयाच्या कारणाने मृत्यू, या सगळ्याची गणती साधारण अडीच वर्षं केली. बिनऔषधाच्या गटात 2152 पैकी 312 जणांना यातलं काही ना काही झालं, गोळीच्या गटात 2152 पैकी 197 जणांना. मधुमेह नसलेल्यांतही फायदा दिसला. या गोळीने किडनी पूर्ववत होत नाही, पण ढासळायचा वेग कमी होतो. अण्णांचं अल्ब्युमिन 620 आहे, म्हणजे ही गोळी ज्यांच्यावर तपासली तशांतलेच ते एक.

अण्णांना आणखी एक सांगा. या गोळीचं मूळसुद्धा झाडातच आहे. 1835 मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा पदार्थ काढला गेला. त्याने लघवीत साखर उतरते हे फॉन मेरिंग यांनी 1886 मध्ये दाखवलं. पण साल उकळून प्यायली असती तर उपयोग झाला नसता, कारण फ्लोरिझिन आतड्यातच तुटतं आणि वर जुलाब होतात. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा साचा बदलला, तो पोटात टिकेल आणि किडनीतल्या त्या एकाच प्रथिनावर बसेल असा केला, आणि मग हजारो माणसांवर तपासला. भारतात 2020 मध्ये पेटंट संपल्यापासून अनेक कंपन्या ही गोळी काढतात, त्यामुळे आता ती महाग राहिलेली नाही. जनऔषधी केंद्रातही विचारून बघा.

हळदपेठ

माझा सांगलीत हळदीचाच धंदा आहे, वडिलोपार्जित. हरिपूरच्या पेवांत आम्ही माल ठेवायचो, जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकायची. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा पेठेत पेढे वाटले होते. तेव्हा हळदीविरुद्ध बोलायचा मला काही उत्साह नाही हे समजून घ्या.

पण अण्णांचा मुद्दा घरच्या हळदीला लागू आहे, त्या डब्याला नाही. राजापुरी असो की सेलम, वाळलेल्या हळकुंडात कर्क्युमिन साधारण तीन-चार टक्के असतं, जातीप्रमाणे कमीजास्त. आमटीत चिमूटभर पडते त्यात किती जाणार? कॅप्सूलमध्ये 95 टक्के भरलेलं असतं. शिवाय मिरीचा अर्क. त्यातल्या पायपरीनने कर्क्युमिन रक्तात अनेक पटींनी जास्त उतरतं, म्हणूनच तो घालतात, आणि तोच पायपरीन इतर औषधांचं शरीरातलं प्रमाणही बदलू शकतो. अण्णांना रोजच्या दोन गोळ्या आहेत, तेव्हा हे डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय सुरू करूच नये. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या पूरक कॅप्सूलनंतर लिव्हरला सूज आल्याचे बरेच रुग्ण सापडले आणि तिथल्या सरकारला इशारा द्यावा लागला. आमच्या व्यापारी मंडळींत तेव्हा त्यावर खूप चर्चा झाली होती.

भाजी-आमटीतली हळद खुशाल खाऊ दे. कॅप्सूल परत करा.

वैद्य_सातारा

मी आयुर्वेदाचा पदवीधर, साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. वरच्या दोघांशी सहमत आहे, थोडी भर घालतो.

माणसांवर अभ्यास झालाय का, असं ताईंनी विचारलं आहे. कॅनडात पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीच्या ऑपरेशनच्या वेळी 606 रुग्णांवर कर्क्युमिन तपासलं, 2018 मध्ये निष्कर्ष आले. किडनी वाचेल अशी आशा होती. फायदा दिसला नाही, उलट किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण कर्क्युमिनच्या गटात जास्त निघालं. तो प्रसंग वेगळा होता, थोडे दिवस मोठी मात्रा, हे मान्य. पण निरुपद्रवी म्हणून डोळे मिटून घ्यावं असं काही त्यातून निघत नाही. दुसरं, हळदीत ऑक्झलेट (मुतखड्यात सापडतो तो क्षार) भरपूर असतं. हळदीची जादा मात्रा रोज घेतलेल्या निरोगी माणसांच्या लघवीतलं ऑक्झलेट वाढल्याचं 2008 च्या अभ्यासात दिसलं होतं. किडनी आधीच अधू असेल तर ते साठायला नको.

चुलत्यांच्या क्लिपबद्दल: हळदीने उंदरांच्या किडनीची सूज कमी झाल्याचे प्रयोग पुष्कळ आहेत आणि ते खोटे नाहीत. पण उंदराला किडनीचं दुखणं आपण दोन दिवसांत औषध टोचून आणतो, अण्णांचं दुखणं वीस वर्षांच्या बीपीचं आहे. घरी हाच फरक सांगा, लोकांना तो कळतो.

पुनर्नवा, गोखरू, वरुण या वनस्पती मी वापरतो, पण ईजीएफआर 35 असलेल्या माणसाला स्वतःहून काढा सुरू करा असं कधीच सांगत नाही. लघवी वाढवणारा काढा आणि ही गोळी एकत्र झाली तर अंगातलं पाणी कमी होऊ शकतं. भस्मं तर पूर्ण टाळा. आणि ईश्वरी ऊर्फ सापसन ही वनस्पती कुठल्याही चूर्णात असेल तर ते घरातच ठेवू नका. तिच्या कुळातल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडने बेल्जियममध्ये 1990 च्या दशकात वजन कमी करायला औषधं घेणाऱ्या बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. तीही झाडाचीच देणगी होती.

मिरजेची_सून

माझ्या सासऱ्यांना हीच गोळी चालू आहे. नोनी ज्यूसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. अण्णांचं आधीच 5.1 आहे आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ती बाटली आजच बाजूला ठेवा. तसंच "कमी सोडियमचं मीठ" घरात असेल तर तेही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. साधंच मीठ, पण कमी. आणि तासगावचं घर म्हणजे बेदाणा डब्यात असणारच. शंभर ग्रॅम बेदाण्यात सातशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं, जाता-येता मूठभर तोंडात टाकायची सवय असेल तर मोडा. कमरख, ज्याला स्टार फ्रूट म्हणतात, ते मात्र एक फोडही नको. किडनी अधू असलेल्यांत त्यातलं विष मेंदूवर जातं, उचक्या लागतात, झटके येतात.

आमच्या डॉक्टरांनी बजावलंय की उलट्या, जुलाब, ताप असेल, जेवण जात नसेल तर ही गोळी तात्पुरती थांबवायची आणि त्यांना कळवायचं. ऑपरेशनच्या आधीही थांबवतात. अण्णा एकादशी निर्जळी करतात का? करत असतील तर तारखेला हा प्रश्न नक्की विचारा. आणि लघवीच्या जागी खाज किंवा लाली आली तर संकोच न करता सांगायला सांगा, बुरशीचा त्रास या गोळीत होतो. सासरे पंधरा दिवस लाजून गप्प बसले होते.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सफरचंदाच्या सालीची गोष्ट काल रात्री फोनवर अण्णांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे हीबी झाडाचीच, फक्त नीट तपासलेली." सकाळी गोळी घेतली. नोनी बंद केलाय, कॅप्सूलचा डबा मी सांगलीला घेऊन आलेय, आत्यांशी मीच बोलेन. एकादशी ते निर्जळीच करतात, ते विचारायच्या यादीत लिहिलंय.

एकच शेवटचं. तारखेच्या आधी कोणत्या तपासण्या करून न्याव्यात? आणि गुडघ्यांचं काय करायचं? खरड छाटणी आली की ते पुन्हा डायक्लोफिनॅक शोधणार.

औषधवाला_कराड

क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम परत करून न्या. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणही करा, पहाटेची पहिली लघवी द्या, आदल्या दिवशी बागेत जड काम नको आणि ताप असेल तर पुढे ढकला. 620 चा आकडा खाली आला असेल तर गोळी लागू पडतेय असं समजायला हरकत नाही, आणि घरच्यांना दाखवायला तोच आकडा सगळ्यात चांगला. घरी बीपी मोजून सकाळ-संध्याकाळच्या नोंदीही न्या.

गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक यातलं काहीच नको, मग ते कुठल्याही नावाने येवो. पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहूनच घ्या, आणि त्या चिठ्ठीचा फोटो गावातल्या मेडिकलवाल्याला देऊन ठेवा, म्हणजे अण्णा मागायला गेले तरी तो देणार नाही.