आईच्या आठवणींच्या कार्यक्रमात काय बोलू? 'प्रेमळ पत्नी, आदर्श शिक्षिका'च्या पुढे जाताच येत नाहीये

ऐरोलीतला_धाकटा

नमस्कार मंडळी, वाचतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदाच. आई जाऊन रविवारी महिना होईल. ठाण्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची, १९७६ ते २०१०, म्हणजे ३४ वर्षं, सगळा वेळ तिसरी-चौथीचेच वर्ग. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय (एकाचे केस तर माझ्या बाबांपेक्षा पांढरे आहेत) आणि आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम ठेवलाय, त्यात मी पाच मिनिटं बोलायचं असं ठरलंय.

बाबांनी मला पेपरातल्या श्रद्धांजलीची एक चौकट कापून दिली, कोणा भलत्याच बाईंची. म्हणाले, असंच लिही, फक्त नाव बदल. प्रेमळ पत्नी, वत्सल माता, आदर्श शिक्षिका, हसतमुख, सुगरण. आता आई सुगरण अजिबात नव्हती हो, तिची आमटी आम्ही निमूट गिळायचो. आणि हसतमुख म्हणाल तर सुट्टीत वगैरे.

चौथीत मी तिच्याच वर्गात होतो. घरी आई, शाळेत बाई. एकदा चुकून भर वर्गात 'आई' अशी हाक मारली, अख्खा वर्ग हसला आणि तिने फळ्यावरून मान वळवून बघितलंसुद्धा नाही. हे आता पंचेचाळिशी ओलांडल्यावरही डोक्यातून जात नाही, पण असं काही कार्यक्रमात बोलतात का? कोणी आईवर किंवा शिक्षिकेवर बोललं असेल तर सांगा, कुठून सुरुवात करू.

खाडीपलीकडे

सर्वात आधी, वाईट वाटलं ऐकून. तुम्हाला आणि बाबांना धीर मिळो.

माझं मत, ती चौकट ठेवा बाजूला. आमच्याकडे दरवर्षी ३ जानेवारीला भाषणं होतात, प्रत्येक जण सावित्रीबाईंची १८४८ची शाळा, भिडे वाडा, अंगावरचं शेण-चिखल इतकं सांगतो आणि खाली बसतो. खोटं काहीच नाही त्यात, पण ऐकून ऐकून कान बधिर झालेत. मला विचाराल तर १८९७ची गोष्ट जास्त लक्षात राहते, पुण्यात प्लेग, यांचं वय ६६, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर टाकून दवाखान्यात आणलं आणि त्यातच स्वतःला प्लेग होऊन गेल्या. पोराला पाठीवर घेतलेल्या म्हाताऱ्या बाई डोळ्यासमोर उभ्या राहतात, पुढे 'थोर' म्हणायची गरजच पडत नाही. तुमच्या आईचं असं एक काहीतरी शोधा. मोठं नसलं तरी चालेल.

नौपाड्याचा_काका

वरच्यांशी अर्धा सहमत. अरे पण बाबांचा विचार करा ना राव. चाळीसेक वर्षं तरी संसार झाला असेल, ते गृहस्थ लोकांसमोर 'प्रेमळ पत्नी' एवढंच म्हणू शकतात, त्यांच्या पिढीला बायकोबद्दल याहून जास्त बोलताच येत नाही. तुम्हाला तो शब्द गुळगुळीत वाटतो, त्यांच्यासाठी तो गुळगुळीत नसेल. फ्लेक्सवर, पत्रिकेवर त्यांना हवं ते छापा, कै. सौ. लिहायचं म्हणतील तर तेही लिहा. भाषण तुमचं तुम्ही करा. दोन्हीची मारामारी कशाला लावता.

ऐरोलीतला_धाकटा

काका, कै. सौ. वरून कालच झालंय घरी, बाबा अडून बसलेत की 'सौ.' हवंच. ठीक आहे, ठेवतोय.

खाडीपलीकडे, तुम्ही म्हणालात म्हणून काल रात्री बसून आठवत होतो. दोन गोष्टी सापडल्या.

एक म्हणजे २६ जुलै २००५. तेव्हा आम्ही नुकतेच ऐरोलीला आलो होतो, २००४ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली म्हणूनच आई इकडे यायला तयार झाली, नाहीतर कळवा सोडत नव्हती. त्या दिवशी लोकल बंद, फोन बंद, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे आम्हाला नंतर कळलं, तेव्हा एवढंच दिसत होतं की आई आली नाहीये. शेवटचं पोर पालकांच्या हातात देऊन मग शाळेतच राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आली, कळवा, विटावा करत, विटाव्याच्या पुलाखाली पाणी म्हणून कुठून कुठून वळसा घालून. दारात आल्या आल्या पिशवीतून काय काढावं, तर वर्गाचा कॅटलॉग. प्लास्टिकमध्ये गुंडाळूनही भिजलेला. अंगावरची साडी तशीच ओली, आणि ही जमिनीवर चादर घालून पान न् पान इस्त्री करत बसली. शाई फुटलेली नावं कोऱ्या कागदावर आठवून आठवून लिहिली, पन्नासच्या वर, हजेरी क्रमांकासकट. ओल्या कागदाचा तो गरम वास दोन दिवस घरात होता.

दुसरी जरा खासगी आहे. १९८७ला वागळे इस्टेटमधली बाबांची कंपनी बंद पडली, देणी वर्षानुवर्षं लटकली. घर आईच्या पगारावर चालायचं हे मला पार कॉलेजात गेल्यावर कळलं, कारण पगार झाला की ती पैसे कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायची आणि आम्ही काहीही मागितलं, वही असो की सहलीचे पैसे, की म्हणायची "बाबांना विचार." बाबा उठून डबा काढायचे. आम्हाला वाटायचं डबा बाबांचा. हे मात्र बाबांच्या देखत बोलवणार नाही.

रिटायर्ड_बाई

डब्याचं वाचून थांबले जरा. ते बोलू नकाच, आधी बाबांना विचारा. कदाचित ते स्वतःच सांगतील.

मीही प्राथमिकलाच होते, जनगणना, इलेक्शन ड्युटी, पोलिओचे रविवार सगळं करून झालंय, म्हणून एक सांगते. तुम्ही ते हाकेचं लिहिलंत ना, माझी मुलगी माझ्याच वर्गात होती. तिची वही मी मुद्दाम गठ्ठ्यात सर्वात शेवटी ठेवायचे आणि अर्धा मार्क जास्त देताना हात थांबायचा, कमी देताना थांबायचा नाही. तुमची आई त्या दिवशी वळली असती ना तर पोरांनी तुम्हाला वर्षभर "आई गं, आई गं" करून सोलून काढलं असतं. पाठ वळलेली होती म्हणजे ऐकलं नव्हतं असं समजू नका. माझी मुलगी पण अजून ऐकवते म्हणा मला, सुटका नाही.

आणि कामाचं म्हणजे, त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका की कोणाकडे जुनं प्रगतिपुस्तक असेल तर शेऱ्याच्या रकान्याचा फोटो पाठवा. भाषणं सगळे करतील. तिचं अक्षर दुसऱ्या कुठे मिळणार?

कोपरी_फास्ट

+१ प्रगतिपुस्तकाला. आमच्या बाईंनी माझ्यावर लिहिलं होतं "अक्षर सुधारावे, मुंग्या वाटतात", आईने फ्रेम करून ठेवलंय. आणि तो फ्लेक्स छापायच्या आधी बघून घ्या, मराठीच्या बाईंच्या कार्यक्रमाला 'शिक्षीका' छापून आलं तर त्या वरून लाल पेन टाकतील.

ऐरोलीतला_धाकटा

कोपरी, तुम्ही हसाल, पहिल्या प्रूफमध्ये 'शिक्षीका'च होतं. आईला घरी लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायची, मग लग्न कोणाचं ते.

बाई, तुमचे फार आभार. कालपासून १४ फोटो आलेत. "डबा वाटून खातो. पाढे मात्र वाटू नयेत." "शांत आहे, पण उत्तर येत असतं. विचारावे." एक मुलगी, आता पनवेलला डॉक्टर आहे, तिचं "खिडकीजवळ बसवले आहे, पावसात लक्ष राहत नाही, हरकत नाही." फोटो मोठे करून हॉलच्या भिंतीवर लावतोय, मी फक्त वाचून दाखवणार.

माझं बाबांनी काढून दिलं, कपाटातून. चौथी ब. शेरा: "बडबड फार. घरी लक्ष द्यावे." खाली वर्गशिक्षिकेची सही आईची, आणि पालकांची सही चारही वेळा बाबांची. मी विचारलं, ती घरातच होती, तिनेच दोन्हीकडे का नाही केली? बाबा म्हणाले, "रात्री जेवणं झाली की माझ्यासमोर उघडून ठेवायची आणि म्हणायची, वाचा, बाईंनी काय लिहिलंय ते. मग सही करा."

डब्याचंही विचारलं. म्हणाले, मी सांगतो, तू मध्ये बोलू नकोस.