काटा म्हणतो चरबी उतरलीच नाही, पँट मात्र सैल झालीये. कुणाचं खरं मानू?

निळाकाठ
नमस्कार मंडळी. चार महिने झाले, आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये वजनं उचलतोय, बाकीचे दिवस चालतो, खाण्यावरही लक्ष आहे. वजन ८२ वरून ७७.६ वर आलं. घरी बॉडी फॅट दाखवणारा स्मार्ट काटा आहे, अनवाणी उभं राहायचं तो. त्यावर सुरुवातीला २७.८ टक्के होतं, दोन महिन्यांत २५.५ पर्यंत उतरलं, मी खूश, आणि मग एका आठवड्यात एकदम २८ च्या वर! आता २७.१ आहे.
हिशोब मांडला तर आधी चरबी २२.८ किलो, आता २१ किलो. म्हणजे ४.४ किलो वजन गेलं त्यात चरबी फक्त १.८ आणि उरलेले २.६ किलो मसल गेले?? एवढी मेहनत मसल घालवायला केली का, हाच विचार डोक्यात घोळतोय. जिममधल्या मशीनवर (हातात दांडे धरायचे ती) त्याच दिवशी संध्याकाळी व्यायामानंतर २३.४ आलं. स्क्वॉटचं वजन वाढलंय, पँटला आता बेल्ट लागतो. उंची १७२ सेंमी. कोणता आकडा खरा? डेक्सा (एक्स-रेने चरबी मोजतात ती तपासणी) करून घेऊ का?

धावतीपावलं
आधी एक सांगते, त्या २.६ किलोला मसल म्हणू नका. काट्याच्या हिशोबात चरबी सोडून जे काही आहे ते सगळं त्यात येतं, पाणी, हाडं, अवयव, सगळं. आणि खाणं कमी केलं की स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा उतरतो, एक ग्रॅम ग्लायकोजेन साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, तेही जातं. पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरतं त्यातला बराच भाग हाच असतो.
दुसरं म्हणजे काटा चरबी मोजतच नाही हो. तो पायातून विजेचा अगदी बारीकसा प्रवाह सोडतो आणि अडथळा किती आला ते बघतो. पाणी असलेल्या भागातून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही. मग त्या अडथळ्याला तुमची उंची, वजन, वय, स्त्री की पुरुष हे जोडून सूत्राने अंदाज काढतो. आणि पायावरचा काटा असेल तर प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून खाली येतो, पोटाकडे तो फारसा फिरकतच नाही, म्हणजे तुमची जिथली चरबी गेलीये नेमका तोच भाग अंदाजाने!
संध्याकाळी व्यायाम करून मशीनवर उभे राहिलात तर अंग गरम, त्वचेकडे रक्त जास्त, अडथळा कमी, आकडा कमी. शरीरात पाणी कमी असेल तर उलटं. त्यामुळे २३.४ आणि २७.१ ची तुलना करूच नका. (पेसमेकर असणाऱ्यांनी असल्या मशीनवर अजिबात उभं राहू नये, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितेय.)

मोजपट्टी
कंबर मोजली होती का सुरुवातीला? आणि मान?

निळाकाठ
हो! ट्रेनरने लिहून घेतलं होतं. तेव्हा कंबर ९९, मान ३९. आत्ता मोजली, कंबर ९२, मान ३८. बेंबीच्या रेषेत.

मोजपट्टी
मग झालं काम. अमेरिकन नौदलाची पद्धत आहे, १९८४ ची, पुरुषांसाठी कंबर, मान आणि उंची एवढंच लागतं, बायकांसाठी नितंबांचा घेर पण. तुमचे आकडे घालून बघितले. तेव्हा २६.६ टक्के, आता २२.६ टक्के. किलोत सांगायचं तर चरबी २१.८ वरून १७.५. म्हणजे ४.४ किलोतले ४.३ किलो चरबीच, बाकीचं शरीर जवळपास होतं तसंच. सात सेंमी कंबर उतरली आणि स्क्वॉट वाढला, अशा माणसाचे मसल गेले हे मला पटत नाही. निवांत झोपा.

चिमटा_घेणारा
मोजपट्टी, दिशा बरोबर आहे पण दशांशावर एवढा भरवसा नको. याच आकड्यांत कंबर ९२ ऐवजी ९१ घाला, २२.६ चे २१.९ होतात. एक सेंटीमीटर म्हणजे पाऊण टक्का, आणि टेप जरा घट्ट ओढली किंवा पोट आत घेतलं की एक सेंमी सहज जातो. ४.३ किलो चरबी गेली असं ठामपणे नका सांगू, "बहुतेक सगळं वजन चरबीचंच गेलंय" एवढं म्हणा.
मी बरीच वर्षं कॅलिपरने (कातडीची घडी चिमटीत धरून तिची जाडी मोजायचं साधन) मोजतोय, स्वतःचं आणि दुसऱ्यांचं. त्यातही हेच आहे. १९७८ ची जॅक्सन-पोलॉक पद्धत, पुरुषांच्या तीन जागा, छाती, पोट, मांडी. त्यातून शरीराची घनता निघते आणि ती सिरीच्या सूत्रात टाकायची (४९५ भागिले घनता, वजा ४५०). या सूत्रात चरबीची घनता ०.९ आणि बाकी सगळ्याची १.१ धरलेली आहे, आता प्रत्येकाची हाडं काय सारखी असतात का? पाण्यात बुडवून वजन करायची पद्धत एकेकाळी सगळ्यात पक्की मानायचे तीसुद्धा याच गृहीतकावर उभी आहे. म्हणून मी हल्ली टक्केवारी काढतच नाही. तीन जागांच्या मिलिमीटरची बेरीज लिहितो. ७० ची ५५ झाली की चरबी उतरली, त्यात कुठलं सूत्र मध्ये येत नाही.
डेक्साबद्दल, ती मुळात हाडांची घनता बघायची एक्स-रे तपासणी, चरबीसाठी आपल्या हाताशी असलेल्यांत ती चांगली, हातपाय पोट वेगवेगळं दाखवते, किरणोत्सर्ग अगदी कमी. पण तीही एखाददोन टक्क्यांनी हलते. एकदाच करून उपयोग नाही, सहा महिन्यांनी त्याच मशीनवर परत करणार असाल तर करा.

पहाटपक्षी
बायकांसाठी एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. पाळीच्या आधीच्या दिवसांत माझं वजन दीड किलोपर्यंत वर जातं आणि काट्यावरचा टक्का पण हलतो, ते पाणी असतं. मी एक पूर्ण वर्ष दर आठवड्याचा आकडा बघून कष्टी व्हायचे. आता पाळी संपल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशीचा आकडा मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसाशी ताडून बघते, बाकीचे नुसते लिहून ठेवते. आणि अजून एक, पुरुषांचे टक्के बघून स्वतःला तोलू नका गं. आपल्या शरीराला जगायलाच साधारण १० ते १३ टक्के चरबी लागते, पुरुषांना २ ते ५. त्याच्या आसपास जायचा हट्ट केला की पाळीच बंद पडते, माझ्या मैत्रिणीची पडली होती, परत सुरू व्हायला आठ महिने लागले.

जुनाजाणता
सगळं ठीक, पण एका आठवड्यात २५.५ चे २८ कसे झाले याचं उत्तर कुणीच दिलं नाही. पाण्याने एवढं हलून तिथेच चिकटून राहत नाही, पाणी असतं तर चार दिवसांत परत खाली आलं असतं. त्या आठवड्यात अॅपमध्ये काही बदललं का? उंची, वय, "अॅथलीट मोड" वगैरे? तो मोड चालू-बंद केला की काटा सूत्रच बदलतो आणि आकडा चांगलाच उडी मारतो.

निळाकाठ
दादा, सापडलं!! त्याच आठवड्यात फोन बदलला होता. नव्या फोनवर अॅप परत टाकलं, प्रोफाइल नव्याने भरलं. जुना फोन आत्ता उघडून बघितला, त्यात अॅथलीट मोड चालू आहे, नव्यात बंद. म्हणजे सुरुवातीचे २७.८ एका सूत्राने आणि आताचे २७.१ दुसऱ्या. मी त्या दोघांची वजाबाकी करून महिनाभर स्वतःला छळलं. मनावरचं ओझं उतरलं, सगळ्यांचे मनापासून आभार. आता जुन्या नोंदींचं काय करू, खोडू का? आणि मोड कोणता ठेवू?

जुनाजाणता
खोडू नका. फोन बदलल्याच्या तारखेला आडवी रेघ मारा, रेघेच्या वरचे आकडे वरच्यांशी ताडा, खालचे खालच्यांशी. मोड बंदच ठेवा, तो आठवड्याला दहाबारा तास घाम गाळणाऱ्यांसाठी असतो. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी उभे राहा आणि एका दिवसाचा आकडा न बघता आठवड्याची सरासरी बघा. कंबर पंधरा दिवसांनी, श्वास सहज सोडून.

निळाकाठ
करतो. चिमटा_घेणारा, कॅलिपर घेतला तर त्या तीन जागा एकट्याला जमतील का?

चिमटा_घेणारा
जमतील. छातीची घडी तिरकी, पोटाची बेंबीपासून दोन सेंमी बाजूला उभी, मांडीची पुढून मधोमध उभी. सगळ्या उजव्या बाजूला. अंगठा आणि तर्जनीने घडी उचला, कॅलिपर बोटांच्या एक सेंमी खाली लावा, एकदोन सेकंद थांबून वाचा, बोटं सोडू नका. प्रत्येक जागा तीनदा घ्या आणि मधला आकडा लिहा. व्यायामानंतर लगेच नको. पहिले दहाबारा वेळा आकडे इकडेतिकडे पळतील, ते धरू नका, हात बसल्यावरचेच वहीत लिहा.