पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला सोलापूरहून : शनिवारचं शेवटचं गाणं ऐकून रात्रीच परतता येईल का?

प्रश्न (पार्कचौक): आवडत्या गायिकेचं गाणं शनिवारी शेवटी आहे. पुण्यात मुक्काम नको. जाता-येता कोणती गाडी धरू?

मारवा: जाताना हुतात्मा एक्स्प्रेस. सकाळी निघते, दुपारच्या आत पुणे. येताना मात्र ती निरुपयोगी, कारण पुण्याहून संध्याकाळीच सुटते. परतीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस. ती मुंबईहून येते, पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर. इथंच लोक फसतात: शनिवारच्या रात्रीसाठी पुणे–सोलापूर तिकिटावर तारीख रविवारची हवी. शनिवारची घातली तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते! आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुढच्या वेळी कलाकारांची यादी येईपर्यंत थांबू नका, तिकीट नंतर रद्द करता येतं.

शेंगाचटणी: महोत्सव भरतो त्या मुकुंदनगरच्या मैदानापासून स्वारगेट जवळ, रेल्वे स्टेशन लांब. गाडी हुकली तर स्वारगेटहून एसटी बघा. जाताना स्टेशनवरून मेट्रो घ्या, सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेट. मध्यरात्री मेट्रो नसते, रिक्षाच. भारतीय बैठकीत बसणार असाल तर सोलापुरी चादर न्याच (हे सोलापूरकराला सांगायला नको, तरी). अर्धी खाली, अर्धी अंगावर. डिसेंबरात मैदानावर उशिरा चांगलंच गारठतं. कडक भाकरी टिकते, दही नको.

मारवा: एक राहिलं. ध्वनिक्षेपकाची मर्यादा एरवी रात्री १०. बारापर्यंतची सवलत ठरावीक दिवसांनाच मिळते, ती त्या शनिवारी आहे का ते आधी बघा. नसेल तर गाणं दहालाच संपेल आणि गाडी येईपर्यंत स्टेशनवर बराच वेळ काढावा लागेल.